उशाकडची जागा

श्रेयसी मगदूमला रुग्ण कधी सिस्टर म्हणत, कधी डॉक्टर म्हणत. अथणीहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला सरळ भूलवाली बाई म्हणून हाक मारली होती. तिला तेच नाव त्यातल्या त्यात खरं वाटायचं. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात ती भूलसहायक होती.

भूलतज्ज्ञ डॉक्टर रुग्णाला तपासतात, कोणतं औषध किती द्यायचं ते ठरवतात, पहिला डोस त्यांच्या देखत जातो. पण एका भूलतज्ज्ञाकडे एका वेळी तीन-चार थिएटरं असतात. अशा वेळी रुग्ण जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी जो बसून राहतो, हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी ठेवतो, नळी घालतो आणि काढतो, तो भूलसहायक. श्रेयसीनं त्यासाठी बीएस्सीनंतर अडीच वर्षांचा अभ्यासक्रम केला होता, मग देशपातळीवरची परीक्षा, मग नोंदणी. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागे. पहिल्याच दिवशी वर्गात एक गोष्ट शिकवली होती आणि पुढे सगळ्या पुस्तकांनी तीच वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: उशाकडची जागा सोडायची नाही.

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला हाक मारली तर तो उठतो. भुलीतल्या माणसाचं पोट उघडलं तरी त्याला पत्ता नसतो. पण भूल उतरताना, जाग येण्याच्या जरा आधी, मेंदू एका चमत्कारिक जागेवरून जातो. खोल भुलीतल्या संथ, मोठ्या लहरी विरतात आणि कपाळामागच्या भागात बारीक, वेगवान लहरी उमटू लागतात. त्या अवस्थेत माणसाला स्वप्नं पडतात, अगदी लख्ख, आणि बहुतेक आपल्या माणसांची. भूलतज्ज्ञांना हे आधीपासूनच ठाऊक होतं, पण ती अवस्था आली म्हणेपर्यंत निघून जायची. मग एक यंत्र आलं. कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून ते लहरी वाचायचं आणि औषध अंशाअंशानं कमीजास्त करत माणसाला तिथंच धरून ठेवायचं, ना आत ना बाहेर. रुग्णालयात त्या अवस्थेला सगळे उंबरठा म्हणू लागले.

ज्यांचं दुःख वर्षं उलटली तरी हलत नाही, अशांसाठी हा उपचार होता. गेलेल्या माणसाबद्दल आधी त्यांना बोलतं करायचे, त्याचा फोटो दाखवायचे, मग भूल. बहुतेकांना तो माणूस भेटायचा. उठल्यावर ती माणसं रडायची, पण त्या रडण्यात मोकळेपण असायचं; घरी जाऊन पोटभर जेवायची, कामाला लागायची. सांगली-कोल्हापूरपासून पार विजापूरपर्यंतची माणसं मिरजेला येऊ लागली.

यंत्राला एकच गोष्ट जमत नव्हती. औषध नुसतं बंद केलं तर माणसं घाबरून, हातपाय झाडत उठायची. उशाशी बसलेल्यानं ओळखीच्या नावानं हाक मारली की शांतपणे परत यायची. कारण सगळ्यांत आधी जागे होतात ते कान. वेळ झाली की यंत्रावर पिवळा दिवा लागे, तेव्हा लगेच हाक मारायची. उशीर केला तर दमलेला मेंदू पुन्हा खोल घसरतो, जीभ मागे पडते, श्वास अडतो.

या कामासाठी वेगळं प्रमाणपत्र होतं आणि त्याला एक अट होती. ज्यानं स्वतः हा उपचार घेतला आहे, त्याला उंबरठ्यावरच्या रुग्णाच्या उशाशी बसता येणार नाही, कधीच. कारण पाहणीत दिसलं होतं की जाऊन आलेले सहायक हाक मारायला उशीर करतात. त्यात वाईट हेतू नसे. हाक ओठांपर्यंत यायची आणि थांबायची.

श्रेयसी पहिल्या तुकडीतली होती. सही केली तेव्हा तिला त्या अटीचं काही वाटलं नव्हतं. तेव्हा सन्मती जिवंत होता.

तिचा नवरा सन्मती कुपवाडच्या एमआयडीसीत वडिलांचं लेथचं वर्कशॉप चालवायचा. एका रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळताना तो खाली बसला आणि बसल्या जागी गेला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. सासू लग्नाआधीच वारली होती, मूल झालं नव्हतं. घरात राहिली ती आणि सासरे, सुकुमार अण्णा. दोघांनी एकमेकांसमोर कधी रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण झालं तसंच. तिची ड्युटी, त्यांचं मंदिर, संध्याकाळचं लवकरचं जेवण, जेवताना भाजीत मीठ कमी आहे की बरोबर आहे, एवढं बोलणं. सन्मतीचं नाव घरात कुणी घेत नसे.

सन्मतीचा आवाज तिच्या फोनमध्ये होता. त्याचे निरोप, लग्नातलं भाषण, बदामीच्या सहलीत रस्ता चुकल्यावर दोघांनी केलेलं भांडण. तिनं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढचा शब्द कोणता, त्याआधी तो श्वास कुठं घेणार, हेही तिला पाठ झालं होतं. ती पाठ झालेली वाक्यं तिला पुरेनाशी झाली. त्याच्या तोंडून तिला एक नवं वाक्य हवं होतं. कसलंही चाललं असतं. चहात साखर जास्त झाली, एवढंसुद्धा.

आणि रोज तिच्या समोर कुणी ना कुणी असं वाक्य घेऊन उठत होतं. शुद्धीवर आलेल्याला नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारायचे, काय म्हणाले? जयसिंगपूरची एक शिक्षिका जरा वेळ गप्प राहून म्हणाली होती, माझी मुलगी म्हणाली, मी बरी आहे. श्रेयसीनं तिचा घाम पुसला, सुई काढली, आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

तिच्या वरिष्ठ भूलतज्ज्ञ डॉ. शबाना जमादार यांनी तिला एकदा विचारलंही होतं की तुला जावंसं वाटत नाही का. श्रेयसी म्हणाली होती की मी गेले तर मग या लोकांना कोण आणेल. ते उत्तर तिनं आधीच तयार ठेवलेलं होतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विषय सोडला.

त्या हिवाळ्यात अण्णांनी अन्न सोडल्यासारखं केलं. सुरुवातीला उपवास म्हणाले, मग भूक नाही म्हणाले. वर्कशॉप भाड्यानं दिलेलं होतं, तिकडं फिरकणंही सोडलं. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉ. जमादारांनी त्यांना उंबरठ्याचा उपचार सुचवला. अण्णा तयार झाले, पण त्यांनी एक हट्ट धरला: उशाशी श्रेयसीच हवी. दुसऱ्या कुणाच्या हातात डोकं द्यायचं नाही मला, असं ते डॉक्टरांना म्हणाले.

जवळच्या नातेवाइकाच्या उशाशी सहायकानं शक्यतो बसू नये, असं नियमात होतं. डॉ. जमादार त्या ‘शक्यतो’ शब्दावर बराच विचार करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की मी स्वतः पूर्ण वेळ खोलीत थांबेन.

उपचाराच्या दिवशी सकाळी श्रेयसीनं अण्णांच्या कपाळावर पट्टी चिकटवली. तीन वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता. त्यांनी डोळे मिटले. औषध गेलं, श्वास खोल झाला, पडद्यावर मोठ्या लाटा आल्या, आणि मग यंत्रानं त्यांना हळूहळू वर आणायला सुरुवात केली. लाटा विरल्या. बारीक लहरींची दाट ओळ उमटली.

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांच्या ओठांची हालचाल होऊ लागली. बहुतेक रुग्ण पुटपुटतात, पण शब्द कळत नाहीत. श्रेयसी मात्र इतकी जवळ होती की तिला कळले.

"कवा आलास?" अण्णा म्हणत होते. आणि मग, "जेवलास का?"

पिवळा दिवा लागला.

श्रेयसीनं तो पाहिला. तिच्या तोंडात हाक तयार होती. पण अण्णांनी प्रश्न विचारला होता आणि ते उत्तराची वाट बघत होते; त्यांच्या मिटल्या पापण्यांवर ती वाट बघणं दिसत होतं. तीही थांबली. उत्तर तिच्या कानावर पडणं शक्य नाही, हे तिला या खोलीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ती वाकून कान देऊन राहिली.

अण्णांची हनुवटी सैल पडली. श्वासाला घरघर लागली. यंत्र वाजायच्या आत तिची बोटं त्यांच्या जबड्याखाली गेली होती, ती हातांच्या सवयीनंच गेली. जबडा वर उचलून ती म्हणाली, "अण्णा. अहो अण्णा, चला."

अण्णा परत आले. त्यांना काही अपाय झाला नाही. डॉ. जमादार एक पाऊल पुढे आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

श्रेयसीनं अण्णांना पाणी पाजलं आणि तोच प्रश्न विचारला, जो तीन वर्षं नातेवाइकांच्या तोंडून ऐकत आली होती. अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जेवलो म्हणाला," ते सावकाश बोलले. "आणि म्हणाला, श्रेयसीला एकदा यायला सांगा."

दुपारी डॉ. जमादारांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दिवा लागल्यावर ती थांबली होती, हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. श्रेयसीनं मान्य केलं. डॉक्टर म्हणाल्या की आजवर मला वाटत होतं, हे जाऊन आलेल्यांनाच होतं. ज्याला जायचं आहे त्यालाही होत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी ते नोंदीत लिहिलं आणि तिला उंबरठ्याच्या खोलीतून तात्पुरतं बाजूला केलं. पुढच्या महिन्यात तिच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं, त्याआधी तिनं ठरवायचं होतं. एक तर मानसोपचार घेऊन, पुन्हा परीक्षा देऊन परत यायचं. नाही तर स्वतः उंबरठ्यावर जायचं, आणि उशाकडची जागा कायमची सोडायची.

श्रेयसीनं ते वाक्य डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "ते अण्णांच्या मेंदूनं रचलंय. हे तुला मी सांगायचं का?"

"वाक्य अण्णांचं असेल, मॅडम," श्रेयसी म्हणाली. "पण बोलावणं मला आहे."

घरी अण्णा जेवायला लागले होते. दोन भाकऱ्या खाऊन वर ताक मागत होते, सकाळी फिरून येत होते, वर्कशॉपच्या भाडेकरूशी मशीनला तेल घातलं नाही म्हणून वाद घालून आले होते. त्यांच्याकडे पाहून तिचा जीव आणखीच ओढ घेई. अटीबद्दल तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही.

तिनं उरलेले दिवस पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवण्यात घालवले आणि ते रोज संध्याकाळपर्यंत मोडत गेलं. अखेर ती डॉ. जमादारांकडे गेली आणि तिनं जायचं असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं, मग तिच्यासमोर कागद ठेवला. त्यावर तिनं सही केली.

उशाशी स्नेहल पाटोळे बसली. स्नेहलला तिनंच तयार केलं होतं. बोटं जबड्याच्या कोपऱ्यात कुठं ठेवायची, हाक मारताना आवाज खाली ठेवायचा, हे सगळं स्नेहल तिच्याकडून शिकली होती. टेबलावर आडवी होताना श्रेयसीच्या मनात आलं, छत एवढं पांढरं आहे हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

मग ती घराच्या मागच्या अंगणात होती. सन्मती पालथ्या बादलीवर बसून सायकलची साखळी रॉकेलमध्ये धूत होता. रॉकेलचा वास आला. त्याच्या मानेवर घाम होता, नखांत काळं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं, ओळखीचं हसला आणि पुन्हा साखळीकडे वळला.

ती बोलू लागली. तीन वर्षांचं सगळं बोलली. अण्णांचं, वर्कशॉपचं, शेजारच्यांनी भिंत घातली त्याचं, त्या रविवारचं. रॅकेट घेऊन निघताना तू काहीतरी म्हणाला होतास आणि मिक्सर चालू होता म्हणून मला ऐकू आलं नाही, काय म्हणाला होतास? तो ऐकत होता, मान हलवत होता. एकदा त्यानं साखळी उजेडाकडे धरून पाहिली. बोलला मात्र नाही. ती समोर उकिडवी बसली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा ऊबदार होता. तिनं पुन्हा विचारलं. तो हसला, आणि काहीच बोलला नाही.

"श्रेयसीताई," स्वयंपाकघरातून कुणीतरी हाक मारली. "ताई, चला."

आवाज इतका स्पष्ट होता की तिनं वळून पाहिलं. आता तरी हा काही म्हणेल, म्हणून ती क्षणभर थांबली. सन्मतीनं नुसते पाय आत ओढून घेतले, तिला जायला वाट करून दिली.

ती पहिल्याच हाकेला उठली, असं स्नेहलनं नंतर सांगितलं. काय म्हणाले, हे स्नेहलनं विचारलं नाही. सहायकानं विचारायचं नसतं.

घरी अण्णांनी दारातच विचारलं, भेटला का. भेटला, असं ती म्हणाली आणि आत जाऊन झोपली. पुढचे काही दिवस तिनं रजा घेतली. इतरांसारखं मोकळं वाटेल म्हणून ती वाट बघत होती. भूक लागली, झोप लागली, छातीवरचं काहीतरी खरोखर हलकं झालं. पण कान तसेच राहिले, उघडे आणि रिकामे. त्या रिकामेपणात तिला एकेक रुग्ण आठवू लागला. काय म्हणाले, असं विचारल्यावर प्रत्येकजण आधी नातेवाइकांच्या तोंडाकडे पाहायचा. जरा वेळ घ्यायचा. मग सांगायचा.

रविवारी दुपारी स्नेहल तिच्या लॉकरमधल्या वस्तू घेऊन आली. चहा घेताना तिनं अण्णांसमोर सहज म्हटलं की ताई आता नुसत्या जनरल थिएटरला असणार, उंबरठ्याच्या खोलीत त्यांना आता कधीच बसता येणार नाही, आम्हाला फार अवघड जाणार आहे. अण्णांना काही कळेना. स्नेहलनं अट सांगितली. श्रेयसी तिला गप्प करायला उठली, तोवर सांगून झालं होतं.

स्नेहल गेल्यावर अण्णा बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत बसले. कपाची दांडी त्यांनी एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला.

"तुझ्याशी काय बोलला तो?" त्यांनी विचारलं.

श्रेयसीला खोटं सुचलं होतं. तयारही होतं. पण ती म्हणाली, "काही नाही, अण्णा. साखळी धूत बसला होता. हसला. बोलला नाही."

अण्णांनी मान खाली घातली.

"माझ्याशीपण न्हाई बोलला गं," ते म्हणाले. "जेवलास का म्हटलं, तर नुसता बघत राहिला. तू विचारलंस तवा तुझं तोंड बघवंना मला. वाटलं, तू पण एकदा जाऊन आलीस तर बरं. ही असली अट हाय, मला काय ठावं."

ती उठली. कप उचलून आत गेली, नळ सोडला आणि धुतलेले कप पुन्हा धुवत उभी राहिली. राग आला होता. कुणाचा ते नक्की कळत नव्हतं. एका न बोललेल्या वाक्यासाठी तिनं ती जागा सोडली होती, जिथं तिला बसता येत होतं, जिथं बसून कितीतरी माणसं तिनं परत आणली होती. ती जागा आता मिळणार नव्हती. तिनं नळ बंद केला. बाहेर अण्णा खुर्चीत तसेच होते, लहान झाल्यासारखे.

ती येऊन त्यांच्या समोर बसली आणि तिनंही आपलं सांगून टाकलं. दिवा लागल्यावर मी थांबले होते, अण्णा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला. तुमचा श्वास अडला होता माझ्यामुळं.

अण्णांनी मान वर केली. मग म्हणाले, "मी वाट बघत होतो. तो बोलंना, उठून जावं तर जाववंना. श्रेयसी कवा हाक मारतीय असं झालं होतं मला. मग तुझा आवाज आला. तेवढा एकच आवाज खरा होता बघ तिथं."

तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं पुसले नाहीत. अण्णांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. दुपारच्या उजेडात, एकमेकांसमोर, दोघं प्रथमच रडली. समोरच्या रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला.

मग अण्णा आपणहून बोलू लागले.

"लहान होता, सहा-सात वर्षांचा. वर्कशॉपात घेऊन गेलो होतो. लेथवर सळई लावली, पातं टेकवलं, तशी लोखंडाची साल निघाय लागली, गोल गोल. बघत उभा राहिला. मग मला म्हणतो, अण्णा, लोखंडाला सोलल्यावर दुखतं का हो?"

श्रेयसीनं हे कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, सन्मतीनंही नाही. त्याला स्वतःला ते आठवतही नसेल. तिनं ते वाक्य मनात त्याच्या आवाजात म्हणून पाहिलं. सहा वर्षांच्या मुलाचा आवाज तिला येईना, पण बोलणं त्याचंच होतं. असलं काहीतरी तोच विचारू शकतो.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, त्यालाच विचार. तर मशीन बंद करायला लावली. गार होईपर्यंत थांबला, आणि सळईला कान लावला."

"मग?" श्रेयसी म्हणाली. ती खुर्चीत पुढे सरकली होती. "मग काय म्हणाला?"